वाळीत : अर्थ आणि वाक्यात उपयोग

“बाई, पानावर ‘गावाने त्याला वाळीत टाकले’ असं आहे. तुम्ही ‘आम्ही तिला वाळीत टाकले’ असं वाचलंत,” मास्तर म्हणाले, आणि सवयीप्रमाणे वर, “बाकी छान,” असंही म्हणाले.

काचेच्या आत हेडफोन चढवून बसलेली ती आधी हसलीच. असं कसं होईल? चौदा वर्षं ती अंध मुलांसाठी पुस्तकं वाचत होती. भूगोलापासून शिवणकामापर्यंत चाळीसच्या वर पुस्तकं तिच्या आवाजात संस्थेच्या कपाटात होती, आता शब्दकोश चालू होता, आणि चुका म्हणाल तर ठरलेल्या तीनच: एखादं अक्षर गिळलं जाणं, पान सळसळणं, आणि जेवणाची वेळ टळली की पोट बोलणं. तिन्हींवर इलाज एकच. बाहेर बसलेला रेकॉर्डिस्ट पेन्सिलीने काचेवर टकटक करायचा, ती वाक्याच्या सुरुवातीला जायची आणि गाडं पुन्हा चालू व्हायचं. पण पानावर नाही ते वाचणं? ती नवशिक्यांची खोड. नवीन आलेल्या वाचकांना हीच तर ओरडायची, की बाबांनो, लेखकाला सुधारायला तुम्हाला बसवलेलं नाही, जे छापलंय ते वाचा आणि घरी जा. रेकॉर्डिस्टने मागे नेऊन ऐकवलं. तिचाच आवाज आला, शब्द, मग दोन अंकांइतका थांबा, मग अर्थ, मग थांबा, मग उपयोग, सगळं नेमानं: “वाळीत. समाजाने संबंध तोडलेला, बहिष्कृत. वाळीत टाकणे, म्हणजे बोलणेचालणे, येणेजाणे बंद करणे. उपयोग. आम्ही तिला वाळीत टाकले.” स्वच्छ. कुठे अडखळणं नाही, कुठे कंप नाही. म्हणूनच तर रेकॉर्डिस्टची पेन्सिल हलली नव्हती. अडखळली असती तर त्याने तिथंच पकडलं असतं. पकडलं ते शेजारच्या खोलीतल्या मास्तरांनी. ते जन्मापासून आंधळे, आयुष्यभर गाणं शिकवून निवृत्त झालेले, आता ब्रेलच्या प्रतीवर बोटं ठेवून ध्वनिमुद्रण तपासायला बसायचे. त्यांच्या बोटांखाली गाव होतं आणि कानात ती होती, दोन्ही एका वेळी.

“घेऊ परत,” रेकॉर्डिस्ट म्हणाला. ती घोटभर पाणी प्यायली आणि तिने सुरुवात केली. “गावाने त्याला...” इथवर ठीक. पुढच्या शब्दापाशी आवाज असा फाटला, की तिची तीच चपापली. टकटक. पुन्हा. या वेळी तर ‘त्याला’पाशीच श्वास संपला. टकटक. तिसऱ्यांदा तिने तोंड उघडलं आणि काहीच बाहेर आलं नाही, नुसती हवा. रेकॉर्डिस्ट बिचारा भला माणूस, तो म्हणाला, “घसा बसलाय तुमचा. जेवून घ्या, दोन वाजता बघू. एवढं एक वाक्य राहिलंय आणि या खंडाची शेवटची दोन पानं. आज झालं नाही तर उद्यापासून हा स्टुडिओ दुसऱ्यांना दिलेला आहे, तेवढं ध्यानात ठेवा.” मास्तर जेवायला उठले. त्यांच्या काठीचा आवाज जिन्यावरून खाली गेला. तिने डबा उघडलासुद्धा नाही. त्या एवढ्याशा खोलीत, भिंतींना लावलेल्या जाड राखाडी नमद्यात, जिथे बाहेरचं काही आत येत नाही आणि आतलं काही बाहेर जात नाही, ती पानाकडे बघत बसली.

गंमत अशी, की तिच्या घरात हा शब्द कधी कुणी उच्चारलाच नव्हता. त्याची गरज पडली नाही. वडील चष्मेवाले, खाली दुकान, वर घर. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं धरून “आता कसं दिसतं? आणि आता?” असं विचारणारा शांत माणूस. एका संध्याकाळी त्यांनी जेवायच्या टेबलाकडे बघून आईला म्हटलं, “चारच ताटं घे,” आणि झालं. पाचवं ताट ताईचं. तिला वाळीत टाकलं, बहिष्कार घातला, असं म्हटलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, अहो का, किती दिवस. चार ताटांना काय विचारणार? कोशातसुद्धा किती दिवस ते दिलेलं नव्हतं. आणि करणारा कोण, तर गाव. नेहमी गावच. लांबचं, पुष्कळ लोकांचं, ज्याचं तोंड दिसत नाही असं काहीतरी. वाक्य बनवणाऱ्यानेही हात झटकून टाकले होते.

एकतीस वर्षं झाली. दादा तेव्हा तेवीसचा, गाडी नुकतीच शिकलेला आणि शिकलेल्या माणसाचा माज अंगात. ताई सव्वीसची, दातांच्या प्रयोगशाळेत कामाला. डॉक्टर लोक रुग्णाच्या तोंडाचे साचे पाठवायचे आणि ती त्यावरून दात करायची, एकेक दात घासून, रंग जुळवून. आणि ही सगळ्यात धाकटी, एकोणीस वर्षांची, घरात सगळे बारकी म्हणायचे, अजून म्हणतात. दादा ताईला कामावरून आणत होता. वळणावर गाडीने सायकलवरून जाणाऱ्या पोस्टमनला उडवलं. माणूस वाचला, गुडघा कायमचा गेला. दादाने पोलिसांना सांगितलं, तो एकदम मध्ये आला. वकिलाने ताईला पढवलं, तुम्ही डुलकी काढत होतात, तुम्हाला काही दिसलं नाही, एवढंच म्हणा, बाकी मी बघतो. सगळ्यांनी तिला ते म्हणून दाखवायला लावलं, आईने हात जोडले, बारकीनेसुद्धा स्वयंपाकघरात नाटकातल्यासारखी तालीम घेतली, ती वकील आणि ताई साक्षीदार. आणि ताई कोर्टात उभी राहून म्हणाली, “दादा मागे वळून माझ्याशी बोलत होता. पुढे बघत नव्हता. पोस्टमन त्याच्या बाजूनेच चालला होता.” त्याच संध्याकाळी ती चार ताटं झाली; पुढे निकाल लागून दादाला आठ महिन्यांचा तुरुंगवास झाला. वडील एकाएकी म्हातारे झाले. ताई प्रयोगशाळेजवळ खोली घेऊन राहिली. कुणी तिला जा म्हटलं नव्हतं, पण टेबलावर चार ताटं असताना माणूस कुठं बसणार?

दर रविवारी सकाळी दहा वाजता जिन्याजवळचा फोन वाजायचा. पहिल्या रविवारी आई उठली आणि वडिलांनी नुसतं वर बघितलं. ती बसली. मग ते बारकीला म्हणाले, “तू घे. राँग नंबर म्हणून सांग.” तिने घेतला. “हॅलो, बारके, मी आहे गं,” ताई म्हणाली. बारकी म्हणाली, “राँग नंबर.” पहिल्यांदा आवाज कापला. पुढच्या रविवारी कमी कापला. पाचव्या-सहाव्या रविवारपर्यंत तो असा सपाट, असा गुळगुळीत झाला, की वडील म्हणाले, “बारकीचं बरं आहे, आवाजात घाबरत नाही ती.” त्या घरात त्या महिन्यांत कुणी कुणाचं कौतुक केलं असेल तर ते एवढंच. तिला ते किती गोड लागलं होतं, हे आठवून आत्ता तिच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. अकरा रविवार. बाराव्या रविवारी फोन वाजला नाही, आणि ती सव्वाअकरापर्यंत जिन्याजवळ काहीतरी निमित्त काढून झटकत, पुसत उभी राहिली. पुढे याच आवाजावर संस्थेने तिला निवडलं. “रंग नाही हो तुमच्या आवाजाला, पाण्यासारखा आहे, वाचायला असाच लागतो,” मुलाखत घेणारा म्हणाला होता. तो कुठं घडवला ते त्याला काय ठाऊक.

आणि ती नुसती सांगितलेलं करणारी होती असंही नाही. उगाच स्वतःला झाकण्यात काय अर्थ? दादा सुटून आल्यावर, तीनेक वर्षांनी, जेवताना आई सहज म्हणाल्यासारखं म्हणाली होती, “आज ताईचा वाढदिवस.” वडील घास चावत राहिले, दादा ताटात बघत राहिला. बोलली कोण, तर बारकी. “त्या नावाचं इथं कुणी राहत नाही,” असं म्हणून ती भरल्या ताटावरून उठली. तिला वाटलं आपण वडिलांची बाजू सावरली, दादाचा अपमान टाळला. आईने त्यानंतर तिच्यासमोर ताईबद्दल ब्र काढला नाही. वडील गेले, त्यालाही पंधरा वर्षं झाली. ताई आली नव्हती, तिला कळवलंच नव्हतं, निदान बारकीने तरी नाही. लग्न बारकीने केलं नाही. दादा, वहिनी, आई आणि ती, अशी पुन्हा चारच ताटं. आईच्या शेवटच्या वर्षांत तिला कवळी करून आणली दादाने, “माझ्या ओळखीत आहे एकजण, चांगलं काम करतो,” म्हणाला. घरी येऊन आईने सफरचंदाचा कचकन लचका तोडला होता, आणि एवढी हसली होती, की “अगं बाई, अगदी माझेच वाटतात,” म्हणत दिवसभर आरशासमोर. आई गेली त्याला आता दोन वर्षं. तिच्या चष्म्याच्या डबीत, भिंगं पुसायच्या फडक्याच्या घडीत, बारकीला एक चिठ्ठी सापडली होती. नाव नाही, नुसता नंबर, आईच्या मोठ्या वाकड्या आकड्यांत. तो कुणाचा हे सांगायला ज्योतिषी नको होता. बिचारी आई, हिंमत झाली नसेल लावायची, नुसता जपून ठेवला, असं वाटून ती त्या दिवशी खूप रडली. दोन वर्षं ती चिठ्ठी हिच्या पर्समध्ये होती.

आता ती टेबलावर होती, शब्दकोशाच्या पानावर. एकतीस वर्षांनी फोन करून माणसाने म्हणायचं काय? आणि ताई काय म्हणेल? काय म्हणेल, ते बारकी गेली दोन वर्षं रोज वेगवेगळ्या आवाजात ऐकत आली होती. एखादी बाई सत्तावन्न वर्षांची होते, एकटीच एका खोलीत, कुणाचं येणंजाणं नाही, सणसमारंभ नाही, आजारपणात पेजेला विचारणारं कुणी नाही, आणि हे सगळं का, तर बारकीचा आवाज फार चांगला लागायचा म्हणून. हे ओझं रोज घेऊन उठायचं आणि रोज घेऊन झोपायचं. तिने दोनदा चार आकडे दाबले आणि पुसले. मग स्वतःवरच चिडली. अगं, काचेच्या खोलीत बसलीयेस, इथं तुझी फजिती बघायलाही कुणी नाही, लाव की. लावला.

पलीकडे घरघर चालली होती, छोट्या यंत्राची. “हॅलो?” आवाज जाड झाला होता, खरखरीत. “हॅलो, कोण बोलतंय? दातांचं काम असेल तर डॉक्टरांमार्फत या हो, मी परस्पर घेत नाही.”

चाळीस पुस्तकं वाचलेली बाई, तिच्या तोंडून शब्द निघेना. शेवटी निघाला तो एवढाच. “ताई.”

घरघर थांबली. मग सपाट, गुळगुळीत, पाण्यासारखा आवाज आला.

“राँग नंबर.”

तिला ते ऐकून धक्कासुद्धा बसला नाही. बरोबरच आहे, तिला वाटलं. हिशेब चोख आहे. याच्यापेक्षा वेगळं ती काय म्हणणार होती? बारकीने फोन कानावरून काढला, बंद करायला बोट पुढे केलं, तोच त्यातून बारीक, चिरका आरडाओरडा ऐकू आला. “अगं ए! ठेवतेस काय! बारके! ठेवलास तर बघ! मेले, एकतीस वर्षं वाट बघतेय मी हे म्हणायची, आणि तू खुशाल ठेवून देतेस?”

आणि ताई हसत होती. खोखो, खोकत, मध्येच नाक ओढत. बारकीला रडू फुटलं ते थांबेना. “रडू नकोस, मोठ्यानं बोल,” ताई म्हणाली, “त्या यंत्राने कान गेलेत माझे. रडलेलं मला ऐकू येत नाही, उगाच वाया जातंय.”

“तू कशी आहेस?” बारकीने विचारलं. केवढा शहाणा प्रश्न!

“बरी आहे. नंबर कुणी दिला? दादाने तोंड उघडलं शेवटी?”

“दादाने? नाही. आईच्या चष्म्याच्या डबीत होता.”

“हां, ती चिठ्ठी. पाठच व्हायचा नाही तिला. दर गुरुवारी तू वाचायला गेलीस, की ती डबी उघडायची, चष्मा लावायची आणि एकेक आकडा मोठ्याने म्हणत फोन लावायची. मी फोन उचलायचे तरी तिचा शेवटचा आकडा म्हणणं चाललेलंच असायचं,” ताई म्हणाली.

बारकीने खुर्चीचा हात धरला. “आई तुला फोन करायची?”

“मग? आणि तिची कवळी कुणी केली असं वाटलं तुला? तोंडात सफरचंद घेऊन दाखवत होती ना ती? माझं काम आहे ते. दादाचे पुढचे दोन दात, शिडीवरून पडला तेव्हाचे, तेही माझेच. दर दुसऱ्या शनिवारी येतो तो इकडे.”

“तो दुसऱ्या शनिवारी मित्राकडे पत्ते खेळायला जातो.”

“खेळतो ना. माझ्याशी. आणि लबाडी करतो.”

“वहिनीला...”

“डबा तीच भरून देते.”

दादा तुरुंगातून बाहेर आला तो आधी ताईकडे गेला होता, हे ताईने सांगितलं. दारात उभा राहून म्हणाला, मी बघत नव्हतो पुढे, तू काय खोटं सांगायचंस? पोस्टमनलाही भेटून आला होता. पण घरी सांगितलं नाही, वडिलांना लागेल म्हणून. आई घरी बोलली नाही, दादाला लागेल म्हणून. दोघांनाही पाच-सहा वर्षांनी एकमेकांचं कळलं, ताईच्या दारात समोरासमोर आले तेव्हा. तोवर कुणी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

“आणि बाबा?”

“नाही,” ताई म्हणाली. “बाबा नाही. ते शेवटपर्यंत बाबाच राहिले.”

“मग मला का नाही सांगितलं? बाबा गेल्यावर तरी? पंधरा वर्षं, ताई! एका घरात राहतो आम्ही!” आता बारकीला राग आला, चांगला सणकून आला.

“तुला कोण सांगणार?” ताई म्हणाली. “तुझी भीती वाटायची गं सगळ्यांना. आई एकदा वाढदिवसाचं बोलली, तर तू ताटावरून उठलीस म्हणे. ती म्हणायची, बारकीचं मन फार कडक आहे, तिला कळलं तर ती दादाशीही बोलायची नाही, माझ्याशीही नाही. मी म्हटलं, राहू दे बाई, तिला तिच्या मनाने येऊ दे. आता मला काय माहीत तू एवढा वेळ लावशील?”

रागाला तोंड फुटायच्या आतच त्यातली हवा गेली. कारण रागाच्या पाठोपाठ जे आलं ते फार मोठं होतं आणि त्याला जागा हवी होती. ताई एकटी नव्हती. आजारपणात तिच्याकडे वहिनीचा डबा जात होता, गुरुवारी आईचा फोन, शनिवारी पत्ते. बोलणेचालणे, येणेजाणे, सगळं बिनबोभाट चालू होतं. ते बंद होतं फक्त बारकीशी. चार भिंतींच्या आत, चार ताटांपैकी एकावर रोज जेवणारी, वाळीत पडलेली जी होती ती हीच, आणि तिला तिथं कुणी टाकलं, तर तिनेच. ती एकतीस वर्षं दार लावून आत पहारा करत होती आणि सगळे मागच्या दाराने जात-येत होते. याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या आधी तिचा जीव भांड्यात पडला, इतका, की तिला कडकडून भूक लागली. तिने डब्याचं झाकण ओढलं, ते टेबलावर आपटलं.

“काय खडखडतंय?”

“डबा. जेवले नाही मी अजून.”

“जेव. आणि ऐक, बारके. अकरा रविवार होते ते. मी काही विसरलेले नाही, आत्ताच सांगून ठेवते. त्याचं आपण केव्हातरी बसून भांडू.”

“भांडू,” बारकी म्हणाली.

“परवा दुसरा शनिवार. तू आधी ये. दादाला बोलू नकोस. बेल वाजली, की दार तू उघड. मला त्याचे दात बघायचेत.”

दोनला पाच मिनिटं असताना रेकॉर्डिस्ट आला. मास्तरांची काठी वर आली, शेजारची खुर्ची करकरली. “घसा कसा आहे?” त्यांनी विचारलं. “बरा आहे,” ती म्हणाली. लाल दिवा लागला. तिने वाचलं: “वाळीत. समाजाने संबंध तोडलेला, बहिष्कृत. वाळीत टाकणे, म्हणजे बोलणेचालणे, येणेजाणे बंद करणे. उपयोग. गावाने त्याला वाळीत टाकले.”

कुठेही अडखळली नाही. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने अंगठा वर केला.

“शब्द आता बरोबर आहेत,” हेडफोनमधून मास्तर म्हणाले. “पण बाई, तुम्ही हसताय.”

“नाही हो.”

“अहो, ऐकू येतं ते.”

तिने गालांवरून हात फिरवून चेहरा नीट केला आणि पुन्हा वाचलं. मास्तर म्हणाले, अजून आहे. तिसऱ्यांदा तर ‘येणेजाणे’पाशी तिला ताईच्या दारात डबा घेऊन उभा असलेला दादा दिसला आणि फुसकन हसूच फुटलं. रेकॉर्डिस्टने डोक्याला हात लावला. “बाई, सकाळी आवाज फुटत नव्हता, आता हसताय, हे एक वाक्य आहे की काय आहे?”

“राहू द्या, दुसऱ्यांदा वाचलेलं ठेवा,” मास्तर म्हणाले. “चौदा वर्षांत पहिल्यांदा तुमच्या आवाजात काहीतरी सापडलंय. मी काही ते पुसायला सांगणार नाही. पुढे चला.”

पुढचा शब्द होता वाळू. ती पान उलटायला गेली आणि घाईत ते चांगलं मोठ्यानं सळसळलं. काचेवर टकटक झाली. ती पुन्हा सुरुवातीला गेली.